पट्ट्यावरचा क्रम

बुधवारी आमच्या दुकानात कूपनची किंमत दुप्पट धरतात.
बाहेर ईरी सरोवरावरून आडवा येणारा बर्फ,
आत तीन नंबरच्या गल्ल्यावर मी,
आणि रांगेत बर्नडीन वोझ्निआक,
काखेत बुटांचं खोकं.

खोक्यात बूट नाहीत.
रविवारच्या पेपरातून कापलेले चौकोन आहेत,
उभ्या पुठ्ठ्यांच्या मध्ये लावलेले.
या आठवड्यात मरणारे पुढे,
महिनाअखेर मरणारे मागे.
मुदत हा शब्द ती वापरत नाही.

नवखे लोक कूपन बघून सामान घेतात.
मीही घ्यायचो. माझ्या तळघरात अजून
मोहरीच्या सॉसच्या अकरा बाटल्या आहेत,
जवळपास फुकटात आलेल्या,
आणि त्या आठवड्यात घरात पाव नव्हता.
हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.
म्हणाली, डॅरिल, माझ्या सासऱ्याला एकदा
बोटीचं इंजिन फुकट मिळालं.
म्हणून त्यानं बोट विकत घेतली.

पट्ट्यावर तिचा क्रम ठरलेला.
आधी दूध, अंडी, बटाटे,
ज्यांच्यावर कधी काही सुटत नाही.
(बटाट्याची जाहिरात कोण करणार?)
मग नातवाचे डायपर, दोन डॉलर सूट, म्हणजे आज चार.
मग कपड्यांचा साबण.
मग कॉफी, लहानच डबा,
कारण मोठ्यावर सूट जास्त, पण खिशातून जातंही जास्त;
हा हिशोब तिचा माझ्या आधी होतो,
माझ्या मशीनच्याही आधी.
आणि सगळ्यात शेवटी,
पुढच्या गिऱ्हाइकाच्या दांडीला टेकून,
पीचच्या फोडींचा एक डबा. घट्ट पाकातला.
कूपन नाही.

आकडा चढत जातो तसा मी मोठ्यानं वाचतो,
तिला ते लागतं.
छत्तीस डॉलर झाले की ती हात वर करते,
चौकातल्या पोलिसासारखा.
हाताच्या पलीकडचं मी परत फळीवर ठेवायचं.
दोन वर्षांत पीचचा डबा
एकोणीस वेळा परत ठेवलाय मी.
ज्या थोड्या वेळा गेला,
त्या वेळा तो पिशवीत नाही गेला,
तिच्या कोटाच्या खिशात गेला.

मागच्या बुधवारी मशीननं एक कूपन थुंकून टाकलं.
डायपरचं.
आदल्या रात्री बारा वाजता मेलेलं.
तिच्या खोक्यात असं कधी झालं नव्हतं.
मागे रांग, कुणाचे तरी गोठलेले मटार
टपटप पट्ट्यावर.
मी मॅनेजरच्या काचेकडे पाहिलं, दिवा बंद.
आकडा हातानं घालता येतो.
घातलेत मी, तिच्याहून कमी गरजेच्यांसाठी.
तिनं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.
मेलं ते मेलं, म्हणाली,
आणि आख्खी रांग ताटकळत ठेवून
सामान पुन्हा मांडायला लागली.

साबण मागे. कॉफी त्याच्याही मागे.
पीचचा डबा उचलला,
लेबल वाचावं तसा जरा लांब धरला,
आणि पट्ट्याच्या तोंडाशी ठेवला,
दुधाच्या आधी. डायपरच्या आधी.
मी थांबलो.
घे, म्हणाली, आज इथून मोज.

मी मोजलं. मोठ्यानं.
एक एकोणनव्वद.
मग दूध, मग अंडी, मग बटाटे,
मग पूर्ण किमतीचे डायपर,
आणि तिचा हात वर.

ती गेल्यावर साबण जागेवर ठेवला,
मग कॉफी घेऊन सहाव्या रांगेत गेलो.
तिथे फळीच्या कडेला कागदांचा गठ्ठा लटकत होता,
फाडून घ्या म्हणणारा.
माझ्या घरी कॉफी आहे.
तरी एक फाडलं, लहान डब्याचं,
आणि उजेडाकडे धरून खालची बारीक तारीख वाचली.

बुधवारपर्यंत जगतंय.